बत्तीस दातांतला सेहेचाळीसावा: व्हिडिओवरच्या दंततपासणीचा अनुभव

दातांचा दवाखाना आमच्या गावापासून दोन वाहने बदलून गाठावा लागतो, आणि परतीचे शेवटचे वाहन चुकू नये म्हणून डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेले असतानाही माझे अर्धे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असते. दोन वर्षांपूर्वी डावीकडची एक दाढ काढण्यासाठी मला अशा चार खेपा कराव्या लागल्या होत्या. पहिल्या खेपेस गाल सुजलेला होता आणि तोंड पुरते उघडत नव्हते, म्हणून औषधे देऊन आठवड्याने बोलावण्यात आले. दुसऱ्या खेपेस रक्तदाब चढलेला निघाला आणि त्यावर मी कोणती गोळी घेते हे मला नावानिशी सांगता आले नाही, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणण्यास सांगितले गेले. तिसऱ्या खेपेस दाढ निघाली, आणि चौथी खेप जखम नीट भरते आहे ना एवढे पाहण्यासाठी होती, जे पाहून होण्यास दोन मिनिटेही लागली नाहीत. तोंड उघडत नसताना दाढ काढता येत नाही आणि रक्तदाब चढलेला असताना ती काढण्याची घाई करू नये, हे मलाही पटत होते. खटकत होते ते एवढेच, की हे दोन प्रश्न मला घरातून निघण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर चारांतल्या दोन खेपा तरी वाचल्या असत्या.

म्हणून या वर्षी उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली आणि त्याच दवाखान्याने पहिली तपासणी व्हिडिओ कॉलवर करण्याची सोय सुरू केल्याचे कळले, तेव्हा मी फारसा विचार न करता वेळ ठरवून टाकली. घरात मात्र या गोष्टीची थट्टाच झाली. दात कसा फोनवरून काढणार, असे सासूबाईंनी विचारले, आणि त्या प्रश्नाचे सरळ उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते.

वेळ ठरवताना जो फॉर्म भरायचा होता, तो भरण्यातच माझा पाऊण तास गेला. तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहा, ती किती दिवसांपासून आहे, रात्री झोपमोड होते का, ताप आहे का, कोणकोणते आजार आहेत, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, चालू असलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो जोडा, कॉल तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, आणि तपासणीच्या वेळी घरात सोबत कोण असेल, असे ते प्रश्न होते. शेवटी संमतीचा भाग होता: हे फोटो कोण पाहणार, ते कुठे ठेवले जाणार, आणि व्हिडिओवरचे निदान प्राथमिक असून प्रत्यक्ष तपासणीत ते बदलू शकते, हे मला मान्य आहे का. हा शेवटचा मुद्दा मी त्या वेळी भराभर मान्य करून पुढे गेले. त्याचा अर्थ नंतर कळला.

खरी परीक्षा फोटोंची होती. समोरून दात मिटलेले, उजवी बाजू, डावी बाजू, वरचा जबडा आणि खालचा जबडा असे पाच फोटो हवे होते. मी रात्री दिव्याखाली एकटीनेच सुरुवात केली आणि पंधरा-वीस फोटो वाया घालवले. कुठे ओठ लख्ख आला आणि दाढ धूसर, कुठे फ्लॅशचा प्रकाश लाळेवर पडून सगळा दात पांढराफटक झाला, तर कुठे पिवळ्या दिव्यामुळे सगळेच दात किडल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून मी मुलाला हाताशी घेतले. फोन तोंडाजवळ नेण्यापेक्षा दोन वितींवर धरून चित्र मोठे केले की ते स्पष्ट येते, हे त्यानेच शोधून काढले. स्वच्छ धुतलेल्या चमच्याचा दांडा गालाच्या आत सरकवून गाल बाहेर ओढला, दाढ कापसाने कोरडी केली, आणि वरच्या जबड्यासाठी एक छोटा आरसा कोमट पाण्यात बुडवून घेतला, कारण थंड आरशावर श्वासाची वाफ धरते. मी नाकाने श्वास घेत होते आणि तो फोटो काढत होता. दहा मिनिटांत पाचही फोटो झाले. त्यांतल्या एकात माझी ती दाढ मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली: मधोमध एक काळसर खड्डा, आणि त्याच्या कडेचा भाग खडूसारखा पांढरा.

त्यानंतर मी एक आगाऊपणा केला. रात्री पुढच्या कॅमेऱ्याने स्वतः काढलेला एक फोटो मला बरा वाटला होता, तो सहावा म्हणून जोडून दिला.

कॉल ठरल्या वेळी लागला. डॉक्टर बाईंनी आधी माझे नाव विचारून खातरजमा केली, सोबत कोण आहे ते विचारले, आणि मग पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुमच्या पाच फोटोंत कीड उजवीकडे आहे आणि सहाव्यात डावीकडे. दुखते कुठे?’ पुढच्या कॅमेऱ्यातले चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते, आणि काही फोन ते तसेच उलटे साठवून ठेवतात, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. एका उलट्या फोटोवर विसंबून कोणी चांगल्या दाढेला हात घातला असता तर काय, या विचाराने मला घाम फुटला. पण तसे होऊ नये म्हणूनच त्यांनी मला दुखऱ्या दाढेवर बोट ठेवायला लावले, ते बोट कोणत्या हाताचे आहे हे विचारले, आणि मगच वहीत नोंद केली. ‘सेहेचाळीस,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेले, ‘अहो, दात तर बत्तीसच असतात ना?’ त्या मनमोकळ्या हसल्या आणि त्यांनी समजावले, की तो आकडा सेहेचाळीस नसून चार आणि सहा असा वाचायचा. तोंडाचे चार भाग करायचे, वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा आणि खालचा उजवा चौथा. आणि प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे दात मोजत जायचे. खालच्या उजव्या भागातला सहावा दात म्हणजे ४६, अर्थात पहिली मोठी दाढ. हीच पद्धत इतर अनेक देशांतही चालते. सासूबाईंना हे इतके आवडले, की पुढचे दोन दिवस त्या घरातल्या प्रत्येकाचे दात आकड्यांनी मोजत होत्या.

पुढचा भाग मला अगदी अनपेक्षित होता, कारण तपासणी डॉक्टरांनी केली असली तरी हात माझे होते. थंड पाण्याचा घोट उजव्या बाजूला धरायचा, कळ उठली की पाणी थुंकून टाकायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. कळ पाणी थुंकल्यावरही रेंगाळली आणि अर्ध्या मिनिटानंतरच ओसरू लागली. मग चमच्याच्या दांड्याने त्या दाढेवर आणि तिच्या पुढच्या-मागच्या दातांवर हलकेच टकटक करायची, आणि फरक वाटतो का ते सांगायचे. हिरडीवर बोटाने दाबून फोड किंवा पू आहे का ते पाहायचे. तीन बोटे उभी धरून ती दातांमध्ये मावतात का ते पाहायचे, म्हणजे तोंड किती उघडते ते समजते. जीभ वर उचलून दाखवायची. गिळताना त्रास होतो का, आवाज बदलला आहे का, जबड्याखाली किंवा मानेवर सूज आहे का, श्वास घ्यायला जड जाते का, हे प्रश्न त्यांनी एकेक करून, माझ्या उत्तराची वाट पाहत विचारले. ‘यांतले एकाला जरी तुम्ही हो म्हणाला असता, तर मी हा कॉल तिथेच थांबवून तुम्हाला तडक मोठ्या रुग्णालयात जायला सांगितले असते,’ त्या म्हणाल्या. दाताचा संसर्ग जिभेखाली आणि मानेत उतरला तर श्वासाचा मार्ग बंद होऊ शकतो, आणि तशा वेळी व्हिडिओवर वेळ घालवणे हेच धोक्याचे ठरते.

याच सुमारास चित्र गोठले. आमच्या घरात रेंज एकाच कोपऱ्यात येते आणि तोही कोपरा दिवसभर एकसारखा वागत नाही. डॉक्टरांनी लगेच फोन लावला आणि व्हिडिओ बंद करून केवळ आवाजावर बोलणे पुढे चालू ठेवले. फोटो त्यांच्यापाशी आधीच पोहोचलेले असल्यामुळे काही अडले नाही. थरथरणाऱ्या व्हिडिओपेक्षा नीट काढलेला स्थिर फोटो त्यांना जास्त सांगतो, हे त्यांनी स्पष्टच बोलून दाखवले. नंतर कुतूहल म्हणून मी थोडे वाचले, तेव्हा समजले की ही कल्पना आमच्या दवाखान्याच्या डोक्यातून नव्याने निघालेली नाही. अमेरिकी लष्कराने १९९४ मध्ये दूरवरच्या तळांवरील सैनिकांच्या दातांसाठी असा प्रकल्प हाती घेतला होता, आणि १९९७ पासून या पद्धतीला टेलिडेंटिस्ट्री हे नाव रूढ होत गेले. कॅलिफोर्नियात २०१० पासून चाललेल्या एका उपक्रमात तर डॉक्टर आणि रुग्ण एकाच वेळी कॉलवर असण्याचीही गरज ठेवलेली नव्हती: दातांच्या आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी शाळांमध्ये आणि वृद्धांच्या निवासांमध्ये जाऊन फोटो, एक्स-रे आणि माहिती गोळा करत, आणि डॉक्टर ती आपल्या सोयीने पाहून कोणाला प्रत्यक्ष आणायचे ते ठरवत. रेंजच्या भरवशावर न राहणारी ही रीत मला खेड्यांसाठी अधिक शहाणपणाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तोंडाचे आजार असलेल्यांची संख्या जगात सुमारे ३५० कोटी आहे. एवढ्या सगळ्यांच्या दारात खुर्ची आणि डॉक्टर नेणे कोणालाही जमणार नाही, पण बिघाड कुठे आणि किती आहे ते आधी पाहून ठेवणे जमण्यासारखे आहे.

निदान सांगताना डॉक्टरांनी शब्द जपून वापरले. कळ रेंगाळते, रात्री आपोआप ठणका लागतो आणि टकटक केल्यावर तीच दाढ दुखते, यावरून दाताच्या आतली नस सुजलेली असावी आणि ती आपोआप सावरण्याची शक्यता कमी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु मुळाशी काय चालले आहे, दाढ वाचवण्याजोगी आहे की काढावी लागेल, आणि दोन दातांच्या मधल्या फटीत आणखी कीड आहे का, हे एक्स-रे काढल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. फॉर्मवरच्या त्या ‘प्राथमिक’ शब्दाचा अर्थ असा होता.

मी अँटिबायोटिकची वाट पाहत होते आणि त्यांनी ते दिले नाही. खरे सांगायचे तर मला थोडे फसवल्यासारखे वाटले. सूज नाही, ताप नाही, पू नाही, अशा स्थितीत ते औषध नसेचा ठणका कमी करत नाही आणि विनाकारण घेतले तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा निरुपयोगी ठरू शकते, हे त्यांनी सांगितल्यावर मी गप्प बसले. याआधी एकदा दुसऱ्याच एका ठिकाणी मी फोनवरून सल्ला घेतला होता. तिथे तीन मिनिटांत, तोंड न पाहता आणि एकही प्रश्न न विचारता, मला अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळाली होती आणि मी त्यावर खूशही झाले होते. त्या दोन अनुभवांतला फरक मला आता कळतो. येथे साधी वेदनाशामक गोळी सुचवण्यापूर्वीसुद्धा डॉक्टरांनी माझ्या पाकिटाच्या फोटोवरचे रक्तदाबाच्या गोळीचे नाव मोठ्याने वाचून दाखवले आणि पोटाचा, मूत्रपिंडाचा व दम्याचा काही त्रास आहे का ते विचारले. दुखण्यावरची गोळी हिरडीवर दाबून धरण्याचा शेजारचा सल्ला मी बोलून दाखवताच त्यांनी मला जवळजवळ दटावले: तशाने हिरडी भाजते आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

मग आले ते, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केल्याचे मला सार्थक वाटले. त्यांनी मला पुढच्याच आठवड्यात साध्या तपासणीची छोटी वेळ न देता उपचाराची दीड तासाची वेळ दिली, ती दुपारच्या परतीच्या वाहनाचा हिशेब धरून. निघण्यापूर्वी गावातल्या आरोग्य केंद्रात सलग तीन दिवस रक्तदाब मोजून आकडे पाठवायचे, त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही, आणि उपाशीपोटी यायचे नाही. गेल्यावर आधी एक्स-रे झाला, दाढ वाचण्याजोगी निघाली, आणि त्याच बैठकीत रूट कॅनाल सुरू होऊन तात्पुरते सिमेंट भरले गेले. तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर विचारपूस झाली, ज्यासाठी पूर्वी एक सबंध दिवस मोडला असता. पुढे कॅनाल भरून पूर्ण करणे आणि कॅपचे माप देणे यासाठी एक, आणि कॅप बसवण्यासाठी एक, अशा एकूण तीन खेपा ठरल्या. या तिन्हींत डॉक्टरांच्या हातात अवजार असणार होते. नुसते पाहून परत पाठवण्याची एकही खेप त्यांत नव्हती.

माझे पाहून सासूबाईंनी आपली गोष्ट बाहेर काढली. खालची पूर्ण कवळी आणि वर स्वतःचे सहा दात, त्यांतला एक हलणारा, अशी त्यांची स्थिती आहे. कवळीच्या कडेला एक जखम होऊन त्यांचे जेवण तुटले होते आणि त्यांनी ते कोणालाही कळू दिले नव्हते. कवळी जिथे टोचते तिथे घासून कमी करण्यासाठी त्यांनी सासऱ्यांची जुनी कानस धुऊन ठेवल्याचे कळले, तेव्हा मी त्याच दिवशी त्यांच्यासाठी वेळ घेतली.

त्यांचा कॉल माझ्यापेक्षा अवघड गेला. परक्या माणसासमोर कवळी काढण्याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी तोंडावर हात धरला तो धरलाच. शिवाय ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न मला मोठ्याने पुन्हा सांगावा लागत होता, आणि ज्या गोष्टी सुनेसमोर बोलायच्या नसतात त्याही माझ्याच तोंडून विचारल्या जात होत्या. समोरासमोरच्या खुर्चीत हा संकोच इतका झाला नसता, असे मला राहून राहून वाटले. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही कवळी काढून नुसती हातात धरा, मी आधी कवळीच बघते,’ आणि मग ते जमले. कवळी दोन्ही बाजूंनी पाहून झाल्यावर तोंड उघडणे आपोआप आले.

सल्ला साधा होता: कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, दिवसाही जमेल तितकी बाहेर ठेवायची, मऊ खायचे, आणि जखमेचा एक दिवसाआड त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून फोटो पाठवायचा. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर मात्र कितीही दूर असले तरी प्रत्यक्ष यायचे, कारण तोंडातली तेवढे दिवस न भरणारी जखम फोटोवर सोडून चालत नाही. ती हाताने चाचपून पाहावी लागते आणि प्रसंगी तिचा तुकडा तपासावा लागतो. कानस परत अवजारांच्या पेटीत ठेवण्याची आज्ञाही झाली.

कॉल संपत आला असताना डॉक्टर गोळ्यांच्या फोटोवर थांबल्या. फॉर्ममध्ये आम्ही मधुमेह आणि रक्तदाब एवढेच लिहिले होते. पण फोटोच्या कोपऱ्यात आठवड्यातून एकदा घ्यायच्या एका गोळीचे पाकीट अर्धे दिसत होते. ती हाडांच्या ठिसूळपणावरची गोळी होती. दातांच्या डॉक्टरांना हाडांच्या गोळीशी काय देणेघेणे, म्हणून सासूबाईंनी ती सांगितली नव्हती, आणि फोटोत ती चुकून आली होती. या वर्गातली काही औषधे बरीच वर्षे चालू असतील तर दात काढल्यावर जबड्याचे हाड नीट न भरण्याचा धोका असतो. तो क्वचितच प्रत्यक्षात येतो, पण आला तर फार छळतो. त्यामुळे हलणारा दात काढण्याचा विचार लगेच न करता, गोळी किती वर्षे चालू आहे ते लिहून देणारी चिठ्ठी आधी मागवायची, आणि गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करायची नाही, असे ठरले. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या दुसऱ्या खेपेसारखी एक खेप, किंवा त्याहून वाईट काही, तिथे टळले.

नवव्या दिवसाच्या फोटोत जखमेच्या जागी फक्त गुलाबी डाग उरला होता. कवळीची कड मात्र फोनवरून कमी होणार नव्हती, म्हणून माझ्या कॅपच्या दिवशीच त्यांचीही वेळ जोडून घेतली. डॉक्टरांनी कवळीवर टोचणारी जागा खूण करून दहा मिनिटांत घासून दिली आणि माझ्या ४६ वर कॅप बसवली. आम्ही दोघी शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या वाहनाने परतलो.

सासूबाईंच्या चिठ्ठीचे उत्तर यायचे आहे, आणि पुढचा कॉल ठरलेला आहे. फॉर्म भरताना तक्रारीच्या रकान्यात त्यांनी मला त्यांचेच शब्द लिहायला लावले: ‘दात हलतो, पण अजून माझा आहे.’